गिळेपर्यंत उठायचं नाही

उपासनी मॅडमना मी बसलेलं फार कमी वेळा पाहिलं.

महाडच्या बाजारपेठेत त्यांचा दातांचा दवाखाना होता. बाहेरच्या खोलीत लाकडी बाक, आतल्या खोलीत खुर्ची. पण मॅडम खुर्चीपाशी कमी आणि दारात जास्त असायच्या. फोनवर बोलता बोलता रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीपर्यंत जायच्या, आणि फोन संपला की आपण इथे कशाला आलो अशा चेहऱ्याने परत यायच्या. चहा आला की एक घोट घेऊन कप कुठेतरी ठेवायच्या आणि विसरायच्या. खिडकीत, औषधांच्या कपाटावर, बेसिनच्या कडेला असे गार चहाचे कप सापडायचे. ते गोळा करताना चहावाला म्हणायचा, "मॅडम, तुम्ही चहा पिता की पेरता?"

"उगवला तर तुलाच विकीन," असं म्हणेपर्यंत त्या दुसऱ्या खोलीत गेलेल्या असायच्या.

त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला जरा भीतीच वाटते. त्या कुठे शिकल्या, महाडला कशा आल्या, हे मला अर्धवटच माहीत आहे. विचारायचं धाडस कधी झालं नाही. मला नीट माहीत आहेत ते त्यांचे हात, आणि तेही माझ्या भावाच्या तोंडात असतानाचे.

माझा धाकटा भाऊ ओंकार, आमचा ओम. जन्मल्यावर तो बराच वेळ रडला नाही. मेंदूला इजा झाली. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात हे मी महाडच्या कॉलेजात आल्यावर नीट वाचलं. घरात आम्ही "ओम ताठ होतो" एवढंच म्हणायचो. हात, पाय, मान, काहीच त्याच्या मनासारखं हलत नाही. कळतं मात्र सगळं. आई रागावली की तो खाली बघतो, आणि ती वळली की हसतो.

त्याचं तोंड कायम उघडं असायचं. लाळ गळायची, म्हणून गळ्यात रुमाल. दुधाचे दात उशिरा आले आणि उशिरा पडले. मग कायमचे आले ते वरचे पुढचे दोन एकदम बाहेर, आणि खालचा जबडा मागे राहिलेला. झोपेत दात खायचा, आवाज बाहेरच्या पडवीत यायचा. वाडीतल्या बायका म्हणायच्या, जंत झालेत. आईने जंताचं औषध किती वेळा दिलं असेल कोण जाणे.

एके दिवशी भरवताना त्याने आईचं बोट चावलं. साधं नाही, रक्त येईपर्यंत, आणि सोडेचना. बाबा मुंबईला नोकरीला. घरात आम्ही दोघीच. आईने बोटाला चिंधी बांधली, दुसऱ्या दिवशी ओमला पाठीला बांधलं, आणि आम्ही डोंगर उतरून पोलादपूरला येऊन महाडची एसटी पकडली.

दवाखान्यात शिरताच आई म्हणाली, "बाई, याचे दात काढून टाका."

"कुठला दुखतोय?"

"दुखत नाय. सगळेच काढा. चावतो हो हा! मला भरवायला भ्या वाटतं आता. नायतरी पेजच पितो, दात हवेत कशाला त्याला?"

मॅडम येरझाऱ्या घालत होत्या त्या थांबल्या. "बसवा त्याला खुर्चीत," म्हणाल्या.

आई घाबरली. याआधी एका दवाखान्यात खुर्ची मागे कलली की ओम धनुष्यासारखा ताठ व्हायचा, किंचाळायचा. तिथल्या डॉक्टरांनी हात जोडले होते. पण ही खुर्ची कललीच नाही.

तिची गोष्ट मॅडम सगळ्यांना सांगायच्या. पुराचं पाणी दवाखान्यात शिरलं होतं तेव्हा खुर्चीच्या मोटरमध्ये चिखल गेला. खुर्ची उभीच अडकली. नवी घ्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं. मोठ्या माणसांच्या माना दुखायला लागल्या, ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. मग वरंधहून एक बाई आपला ताठ होणारा मुलगा घेऊन आली आणि तो त्या उभ्या खुर्चीत शांत बसला. आधी त्याला मागे कलवलं की आपण पडतोय असं वाटून त्याचं सगळं अंग आवळायचं, जबडासुद्धा. "खुर्ची बिघडली आणि मला अक्कल आली," मॅडम म्हणायच्या. त्यानंतर अशा मुलांच्या आया त्यांच्याकडे यायला लागल्या.

त्यांनी ओमच्या पायांखाली पाट ठेवला, पाठीशी उशी लावली, डोकं आपल्या हाताच्या खोबणीत घेतलं. मग आईला म्हणाल्या, "आता बघा," आणि स्टीलचा चमचा त्याच्या पुढच्या दातांना नुसता लावला. खटकन जबडा मिटला. चमचा अडकला.

"बघितलंत? तो चावत नाही, त्याचा जबडा मिटतो. रागाने नाही. धातू दाताला लागला की मिटतो, त्याला विचारत नाही."

"माझं बोट काय धातू हाय?"

"तुम्ही बोट खसकन ओढलंत ना? ओढलं की तो जास्त आवळतो. असं." आणि चमचा सोडवून घेतल्यावर त्यांनी स्वतःचंच बोट त्याच्या दातांमध्ये ठेवलं. जबडा मिटला. मॅडम मात्र हलल्या नाहीत. एवढी सारखी फिरणारी बाई, पण तेव्हा झाडासारखी उभी. दुसऱ्या हाताने त्याचं डोकं किंचित पुढे आणलं, हनुवटीखाली दोन बोटं ठेवली आणि थांबल्या. ओम त्यांच्याकडे बघत होता. हळूहळू जबडा सैल झाला. बोटावर खड्डे पडले होते. त्या जागी आधीचेही दोन-तीन वण दिसले.

"ओढायचं नाही, थांबायचं," त्या म्हणाल्या आणि लगेच बोट झटकत खोलीभर चालायला लागल्या. "आई गं! ताकद आहे हो पोरात!"

आईला हसू आलं. पण तिने हेका सोडला नाही. "ते खरं, पण दात काढा."

तेव्हा मॅडमनी सांगितलेलं मला अजून आठवतं, कारण दातांबद्दल असं कुणी बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दात नुसता हिरडीतून उगवत नाही. आतून जीभ त्याला बाहेर ढकलते, बाहेरून ओठ आत ढकलतात. त्या दोघांच्या भांडणात दाताला जागा मिळते. ह्याचे ओठ भांडतच नाहीत, तोंड उघडं. जीभ एकटी ढकलत सुटली. म्हणून हे दोन पुढे आले. आणि टाळू बघा," बॅटरीचा उजेड टाकून त्यांनी मलाही बोलावलं, "ए कॉलेजवाली, बघ. किती उंच आणि अरुंद. वरंध घाटच आहे आत. गाडी वळायला जागा नाही. घास तिथे चिकटून बसतो. आणि जबडा वाढतो तो काम करून. ह्याच्या जबड्याला जन्मात काम दिलंय का कुणी?"

आमच्याकडे ओमला भरवायची एकच पद्धत होती. मांडीवर आडवं घ्यायचं, मान मागे करायची आणि पातळ पेज ओतायची. वासराला नळ्याने औषध पाजतात तसं. आजी तशी पाजायची, आईही तशीच पाजायची. पोटात गेलं की झालं.

"हे दात सरळ होतील असं मी सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? पण तो चावायला शिकेल असं मला वाटतं. मला एक वर्ष द्या. नाहीच चावला, तर मग आपण बोलू काढायचं. तोपर्यंत ह्या दातांना मी हात लावू देणार नाही. तुम्हालासुद्धा."

आईने वर्ष दिलं. मनापासून दिलं असं नाही. परतताना एसटीत ती म्हणाली, "बाईला एका जागी उभं राहवत नाय, ती माझ्या पोराला काय शिकवणार गो?"

दाढांपैकी दोन मात्र पार किडल्या होत्या. ओमला फिट यायच्या, त्यावरच्या औषधाचं गोड सिरप रात्री पाजून तसंच झोपवल्यामुळे. त्या मोठ्या हॉस्पिटलात भूल देऊन काढाव्या लागल्या. मॅडम सोबत आल्या, आणि ऑपरेशन चालू असताना हॉस्पिटलच्या जिन्यावरून इतक्या वेळा वरखाली झाल्या की वॉचमनने विचारलं, "मॅडम, कोणाचं काय हरवलंय?"

मग त्यांची शिकवणी सुरू झाली. भरवताना ओमला सरळ बसवायचं. हनुवटी जरा खाली. चमचा रबरी आणि पसरट. पहिले कितीतरी दिवस खायला नाही, फक्त चावायला. ओल्या मऊ फडक्यात भाकरीचा तुकडा बांधायचा, फडक्याचं टोक आपल्या हातात घट्ट धरायचं आणि तुकडा बाजूच्या दाढांमध्ये ठेवायचा. चव लागते, घशात जात नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

एकदा त्या स्कूटरवरून पोलादपूरपर्यंत आणि तिथून चालत आमच्या वाडीवर आल्या. न कळवता. आई ओमला भरवत होती. घास तोंडात ठेवून ती मधेच उठली, कारण कोंबडी तांदळात शिरली होती. परत आली तर मॅडम ओमसमोर जमिनीवर बसलेल्या, आणि त्याच्या गालात बोट घालून मघाचा घास बाहेर काढत होत्या.

"हे काय आहे?"

"घास. गिळंल की तो."

"कधी? दिवाळीला? हा असा गालात राहतो, तिथेच दात कुजतो. आणि झोपला आणि घशात गेला तर?" मॅडमचा आवाज चढला होता. "एक घास दिला की तो गिळेपर्यंत उठायचं नाही. कोंबडी येऊ दे, पाहुणा येऊ दे, घर पेटू दे."

"तुमाला सांगायला काय जातं? तुमी तरी बसाल का एका जागी?"

मी आईकडे डोळे मोठे करून बघितलं. मॅडमना राग येईल असं वाटलं. त्यांनी साडी खोचली, मांडी घातली आणि म्हणाल्या, "द्या इकडे वाटी."

त्या दुपारी ओमला सगळा भात त्यांनी भरवला. एकेक घास, मग थांबणं, मग घशाकडे बघणं. उठावंसं वाटतंय ते त्यांच्या अंगभर दिसत होतं. खांदे आक्रसले होते, कपाळावर घाम होता. आणि उजव्या पायाचा अंगठा सारखा हलत होता, जणू सगळी धावपळ त्या अंगठ्यात जाऊन बसली होती. आई कोपऱ्यातून बघत होती. वाटी संपल्यावर मॅडम उठल्या आणि अंगणात पाच-सहा गरगर फेऱ्या मारून आल्या. तेव्हापासून आईने त्यांना "ती बाई" म्हणायचं सोडलं. "आमच्या डाक्तरीण बाई" म्हणायला लागली.

मामाची गोष्ट त्यानंतरची. ओमचे दुधाचे दात वरचे आधी आले होते. वरचे दात आधी आले तर ते मामाला जड असं आमच्याकडे मानतात. त्याच सुमारास मुंबईत मामाचा पाय मोडला. झालं! तेव्हापासून तो आमच्या घरी फिरकला नव्हता. आई हे बोलायची नाही, पण एकदा दवाखान्यात बोलता बोलता निघालं आणि तिचे डोळे भरले. मॅडमनी माझ्याकडून फोन घेतला आणि बोलत बोलत रस्त्यावर गेल्या. अर्धी बाजारपेठ ऐकत होती.

"तुम्ही ओंकारचे मामा ना? मी त्याची दातांची डॉक्टर. दर खेपेला त्या दातांत माझं बोट असतं, मला नाही ते जड झाले. तुम्ही मुंबईत बसून कसे वाकलात?"

पलीकडून मामा काहीतरी "टेन्शन", "ड्युटी" म्हणत असावा.

"ड्युटी संपली की या. भाचा तुम्हाला चावणार नाही. चावला तर ओढू नका, एवढंच."

आणि मामा गणपतीला आला! ओमला मांडीवर घेऊन रडला, आणि बहिणीचे कष्ट वाचावेत म्हणून नवा मिक्सर घेऊन आला. आई हरखली. भात, भाजी, भाकरी, सगळं मिक्सरमध्ये. ओम पटापट गिळायला लागला. आम्ही खुशीत महाडला जाऊन सांगितलं. मॅडमनी कपाळावर हात मारला.

"अहो, इतके महिने मी त्याच्या जबड्याला नोकरी शोधतेय, आणि तुम्ही मिक्सरला कामाला लावलंत!"

मिक्सर माळ्यावर गेला. आई आठ दिवस फुरंगटून होती. मग परत फडकं आणि भाकरीचा तुकडा.

मॅडम सगळ्यांना आवडायच्या असं मी म्हणणार नाही. एसटी स्टँडवर एखादं मूल उघड्या तोंडाने मान टाकून बसलेलं दिसलं की त्या थेट जायच्या आणि त्याच्या आईला विचारायच्या, "कसं भरवता याला?" एका माणसाने त्यांना माझ्यासमोर झापलं होतं, "तुमच्या घरी पोरं नाहीत का?" त्या "नाहीत" म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. तेव्हा त्या नेहमीपेक्षा जास्त वेगात चालत होत्या, मला पळावं लागलं. त्यांनाही कधी शंका यायची का? एकदा ओमला ठसका लागून तो निळा पडायला आला होता, हे ऐकल्यावर त्या खिडकीपाशी गेल्या. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. मग म्हणाल्या, "घाई नको. वर्षाहून जास्त लागलं तरी चालेल. मी उगाच वर्ष म्हणाले."

ते वर्ष संपत आलं आणि मॅडमच निघाल्या. कणकवलीला त्यांचे वडील एकटे असायचे, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखाना बंद केला. ती उभी खुर्चीसुद्धा भंगारवाल्याने नेली. आम्हाला कळलं ते जायच्या आदल्या दिवशी.

आई म्हणाली, वीरच्या स्टेशनवर जायचं, बाईंना गाठायचं. महाडहून आम्ही रिक्षा केली. मॅडम फलाटावर होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, हातात चहाचा कप. आम्हाला बघून कप बाकावर ठेवला.

"कशाला आलात एवढ्या लांब? याला उन्हात घेऊन?"

आई म्हणाली, "बाई, काल याने भाकरी खाल्ली. फडक्याशिवाय. चावून गिळली."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "किती?"

"एवढासा तुकडा. पण चावला. हिला विचारा."

मी मान हलवली. खरं तर मलाही नीट सांगता येत नव्हतं. तो चावला होता की तुकडा आपोआप विरघळला, कोण जाणे. रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं.

"दाखवा," मॅडम म्हणाल्या.

"आता? गाडी यायची झाली."

"दाखवा."

आईने पदराच्या गाठीतून नाचणीच्या भाकरीचा तुकडा काढला. तिने तो आणला होता, म्हणजे तिलाही दाखवायचंच होतं. ओमला बाकावर सरळ बसवलं, मी मागून धरलं. मॅडम त्याच्यासमोर एक गुडघा टेकून बसल्या, फलाटाच्या फरशीवर. आईने तुकडा भिजवून मऊ केला, त्याच्या डाव्या दाढांमध्ये ठेवला आणि बोट काढून घेतलं.

ओमचा जबडा मिटला. तसाच राहिला. तेवढ्यात गाडी आली. डबे पुढून जायला लागले, वारा आला, ओम दचकला आणि ताठ झाला. मी त्याला घट्ट धरलं. आई म्हणाली, "बाई, जावा तुमी, गाडी थांबत नाय इथं जास्त."

मॅडमनी दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली ठेवली.

लोक उतरले, लोक चढले. मॅडमची बॅग बाकाशेजारीच होती. आई एकदा गाडीकडे, एकदा ओमकडे बघत होती. मला ओरडावंसं वाटत होतं. ओमचा जबडा जरा सैल झाला, मग एकदा हलला. बाजूला. मग परत. आतल्या आत, हळू, गिरणीच्या जात्यासारखा. ओठ पूर्ण मिटले नव्हते, लाळ गळत होती, पण जबडा फिरत होता. मी खाली बघितलं. मॅडमच्या पुढच्या पायाचा चपलेतला अंगठा अजिबात हलत नव्हता.

गाडीची शिट्टी झाली. गाडी हलली. आईच्या तोंडून "अगो बाई" निघालं. मॅडमची नजर ओमच्या गळ्यावरून हटली नाही. शेवटचा डबा फलाट सोडून गेला, तेव्हा कुठे त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

आईने त्याच्या गालात बोट फिरवलं. ओढलं नाही, घाईही केली नाही. "रिकामा हाय," ती म्हणाली.

मॅडम उठल्या. गुडघा झटकला. "काढायचे दात?" त्यांनी विचारलं.

आई रडत होती आणि हसतही होती. "काय बोलता बाई! आणि गाडी गेली ना तुमची! तिकडं वडील वाट बघत असतील."

"गेली खरी." त्या चालायलाच लागल्या होत्या. "शेजारीण आहे त्यांच्यापाशी. रात्रीची मिळेल. नाहीतर एसटी."

आईने हाक मारली, "बाई, त्यांना भरवताना तरी..."

"हनुवटी खाली," मॅडम वळून म्हणाल्या. "माहितेय."

रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. आम्ही निघालो. ओम माझ्या मांडीवर होता, तोंडात काहीच नव्हतं, तरी त्याचा जबडा हळूहळू फिरत होता. आजही तो कधी चावतो, कधी नाही. ठसका लागला की आम्ही दोघी घाबरतो. वरचे दात पुढे आहेत ते आहेतच.

रिक्षा वळताना मी मागे बघितलं. मॅडम फलाटाच्या त्या टोकाला पोचल्या होत्या. तिथे क्षणभर रुळांकडे बघितलं, वळल्या आणि या टोकाकडे यायला निघाल्या, नेहमीसारख्या भराभर. बाकावर त्यांचा चहाचा कप तसाच होता.